बंद घड्याळ

निवृत्ती गायधनी परवा आला.
नाव निवृत्ती, आणि सुटायला बासष्ट वर्षं लागली,
हे तोच म्हणाला, जिन्यात धापा टाकत.
तांबट आळीतल्या आमच्या छापखान्यात आता
मोबाईलच्या कव्हरांचं गोदाम आहे.
खाली ठोका एकच उरलाय, तोही दुपारपर्यंत.

तेव्हा मी खिळे जुळवायचो.
'ळ' कायम कमी पडायचा,
आणि हा पठ्ठ्या लिहिणार: खळाळत आलेला गढूळ गाळ.
गायधनी, चार ळ एका ओळीत परवडत नाहीत,
मी ओरडायचो.
तो म्हणायचा, मग पाण्याला सांग.

पुराची बातमी तो मारुतीवरून द्यायचा.
क्युसेक वगैरे धरणावरच्या साहेबांचं.
आपल्याकडं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात,
गुडघा, कंबर, छाती.
गळ्याला लागलं त्या रात्री
भांडीबाजारातून पाणी तुडवत आला,
खिशात लगदा झालेला कागद,
कागदावर कुणाचं काय गेलं ते:
सखूबाई पगारे, शिलाई मशीन.
रमजान तांबोळी, पानाचे दोन करंडे, एक घड्याळ (बंद).
बंद कशाला लिहिलंस? जागा खातंय.
बंदच होतं, म्हणाला.
मी जुळवलं. कंसासकट.

बाप नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. बत्तीस वर्षं
लोकांचे कोरे पासपोर्ट हाताखालून गेले,
रोज संध्याकाळी फाटकावर अंगझडती.
स्वतःचा काढला नाही. देवळालीला जायला लागतो का, म्हणे.
पोरगा जिनिव्हाला निघाला, तिथून पुढं
त्याला आकाशी रंगाचा मिळाला, कुठल्याच देशाचा नसलेला.
पहिल्या सुट्टीत आला तेव्हा म्हाताऱ्यानं तो
खिडकीच्या उजेडात धरला,
शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि
बांधणी बरी आहे, एवढंच बोलला.

मग पत्रं.
इथं एक क्रियापद बदलायला चार सह्या लागतात.
माझं 'भयानक' होतं, त्याचं 'चिंताजनक' झालं,
मंगळवारी परत आलं तेव्हा
'चिंतेचा विषय ठरू शकेल' झालं होतं.
सुमारे चाळीस हजार व्यक्ती बाधित.
सुमारे, माधवा! आपण कधी सुमारे छापलं?

मी हसलो होतो त्या पत्रावर.
पुढचं पत्र आलं: त्याच मिळमिळीत वाक्यावर
एकवीस ट्रक पीठ सुटलं.
आणि आपल्या बातमीवर सखूबाईला
मशीन मिळालं होतं का रे?
नव्हतं मिळालं. मला ठाऊक होतं.
त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही,
पुढं चार वर्षं कुठल्याच पत्राला दिलं नाही.

परवा त्यानं पिशवीतून वही काढली.
लाल पुठ्ठ्याची, मेनरोडवर मिळायची तसली.
एकोणतीस वर्षांत सरकारी कागदावर जे मावलं नाही,
ते रात्री खोलीवर बसून मराठीत उतरवलेलं.
कुणी तेस्फाये, सात गाढवं.
कुणी रुकय्या, एक दार. (भिंती आधीच गेल्या होत्या.)
कुणी योहानेस, मुलाच्या शाळेचा दाखला.
पानंच्या पानं.
हे कुठं छापायचं, म्हणाला.
छापखाना कुठाय, मी म्हटलं, आणि एवढे ळ कुठून आणू?
तर म्हणतो, बघ तर खरं,
यांच्यात एकाच्याही नावात ळ नाही.

चहा निवला. खाली तांबटाचा ठोका थांबला.
त्याला खुर्चीतच डुलकी लागली.
मी चष्मा पुसला,
जुन्या सवयीनं पेन्सिलीला टोक केलं
आणि ओळीखाली पट्टी धरून वाचत गेलो.
नावांत खरंच नव्हता.
तिसऱ्या पानावर मात्र एक घड्याळ निघालं,
शेजारी कंसात, बारीक अक्षरात:
चालू.